आठातले दोन राखीव

कुकरच्या शिट्टीखालच्या नटावर लाल ठिपका.

'आढळली: ५.९२.'

"मॅडम, आपका हाथ थोड़ा स्लो है. बुरा मत मानना."

पंख्याच्या रेग्युलेटरवर लाल ठिपका. तीनच्या पुढे फिरवायचा नाही.

ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. त्या चौकटीत 'रेखाटन' या शब्दापुढे: अक्षय साहू. अकरा वर्षांच्या सगळ्या ड्रॉइंगवर अक्षय साहू. अक्षय साहूला सरळ रेघ मारता येत नाही.

उमेदवाराने आठ जीबी मेमरीचा लॅपटॉप वापरावा, अन्यथा प्रवेश नाकारला जाईल.

"पोहे खाऊन बस," आई म्हणाली आणि बशीत वरून मूठभर शेव सोडली. "रिकाम्या पोटी परीक्षा देऊ नये."

•

आता रीतसर सांगायला हवं, कारण ज्या घरात हे घडलं तिथे रीतसर नसलेलं काही चालत नाही.

गौरी देवपुजारी, वय एकेचाळीस. भोपाळात, पिपलानीच्या कारखाना-वसाहतीच्या हद्दीबाहेर, सोनागिरीत आईवडिलांबरोबर राहते. वडील अरविंद देवपुजारी नागपूरहून इथल्या कारखान्यात आले आणि चौतीस वर्षं मालाची तपासणी करून निवृत्त झाले. आई सुलभा, त्यांच्या तपासणीतून सुटलेली घरातली एकमेव गोष्ट, असं ती स्वतःच म्हणते. गौरी घरी बसून गोविंदपुऱ्यातल्या एका वर्कशॉपसाठी पाइपांची ड्रॉइंग काढते. पाइप कुठून जाणार, कुठे वळणार, त्याला आधार कुठे द्यायचा, सगळं ती काढते. चौकटीत नाव मात्र मालकाच्या भाच्याचं लागतं, कारण गौरीकडे मान्यता नाही.

ती मान्यता पुण्याची एक संस्था देते. तिच्या यादीत जो आला त्याचं नाव आणि क्रमांक ड्रॉइंगच्या चौकटीत टाकावाच लागतो, मालकाची मर्जी असो वा नसो. परीक्षा वर्षातून एकदा; आजवर पुण्यात जाऊन, यंदापासून घरून, स्वतःच्या लॅपटॉपवर. वयाची अट बेचाळीसच्या आत. म्हणजे गौरीला ही पहिली संधी आणि हीच शेवटची.

परीक्षेचा दिवस. साडेबाराला प्रवेश बंद. सकाळी नऊ वाजता तिने संस्थेचा तपासणीचा प्रोग्राम चालवला. कॅमेरा, हिरवी खूण. माइक, हिरवी खूण. इंटरनेट, हिरवी खूण. मेमरी, लाल फुली. किमान हवी सात. आढळली ५.९२.

आठचा लॅपटॉप आणा म्हणायचं आणि सातपर्यंत चालवून घ्यायचं, एवढं औदार्य संस्थेने दाखवलं होतं. गौरीचं मशीन त्या औदार्यातही बसत नव्हतं. दुसरा लॅपटॉप चालणार नव्हता, कारण आठवड्यापूर्वीच प्रत्येकाच्या मशीनचा क्रमांक संस्थेने नोंदवून घेतला होता. तेव्हा मेमरी किती हे कुणी विचारलं नाही. क्रमांक तेवढा विचारला.

तिने मदतकक्षाला लिहिलं. तिथल्या बाईंनी आडनाव बघून मराठीत उत्तर दिलं, सौजन्य काय ते तेवढंच.

श्रुती: आपल्या मशीनमध्ये ५.९२ जीबी मेमरी आहे.

गौरी: आठ आहे. बिलावर आठ आहे. तळाच्या स्टिकरवरही आठ आहे.

श्रुती: आपल्याला वापरण्याजोगी ५.९२ आहे.

गौरी: मग उरलेली दोन कोण वापरतंय?

श्रुती: हार्डवेअरसाठी राखीव दिसते.

गौरी: कुणी राखली?

श्रुती: ते आम्हाला दिसत नाही. कृपया विक्रेत्याशी संपर्क साधावा. आणखी काही मदत करू का?

गौरी: पहिली तरी कुठे केलीत.

*श्रुती यांनी संवाद संपवला आहे.*

गौरीने सेटिंगचं पान उघडलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं. बसवलेली मेमरी ८.००, आणि पुढे कंसात, वापरण्याजोगी ५.९२. चार वर्षं हा कंस तिथेच होता. तो वाचायची वेळ तिच्यावर आली नव्हती, कारण आपण घेतलेली वस्तू आपल्याला पुरी मिळाली का, हे रोज उठून कोण बघतं? दूधवाल्याने लिटरचं माप दाखवावं, पातेल्यात पाऊण ओतावं आणि वर सांगावं की पाव राखीव आहे. कुणासाठी राखीव? पातेलं माझं, दूध मी घेतलं, आणि राखणारा कोण?

"कुठे चाललीस?" आईने विचारलं.

"भांडायला."

"हेल्मेट घाल."

•

लॅपटॉप जिथून घेतला ते इंद्रपुरीतलं दुकान साडेदहाला उघडतं. गौरी सव्वादहालाच शटरसमोर उभी राहिली. दुकानदार पिंटूने शटर वर केलं, गणपतीच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळली, नंतर कॅलक्युलेटरला, कार्ड घासायच्या मशीनला आणि शेवटी कुलरला. गौरी हे सगळं होईपर्यंत थांबली. तिचा राग देवधर्म बघून वागणारा होता.

"भैया, आपने आठ बोलके दिया था."

"आठ ही है, दीदी."

"छह भी पूरा नहीं है."

पिंटूने लॅपटॉप आपल्याकडे वळवला, बघितला आणि मान डोलावली. "हां, वो ग्राफिक्स का है. इसमें ग्राफिक्स कार्ड की अपनी मेमरी नहीं है ना. घर की मेमरी में से खाता है. सब में खाता है."

"पूछके खाता है?"

पिंटू हसला. गौरी हसली नाही, मग त्यानेही आवरलं.

"इतना नहीं खाता वैसे," तो पुटपुटला. त्याने मशीन बंद करून चालू केलं, चालू होता होता एक बटण दाबून धरलं. विंडोज यायच्या आधीचा तो निळा पडदा आला, जो गौरीने कधी उघडलाच नव्हता. पिंटू बाणाने एकेक ओळ खाली उतरत गेला आणि एका ओळीवर थांबला. ती ओळ राखाडी होती. तिच्यापुढे लिहिलं होतं, दोन जीबी.

"ये देखो. हम तो ऑटो पे छोड़ते हैं. ऑटो में पाँच सौ बारह एमबी लेता है, बस. यहाँ किसी ने मैक्सिमम कर रखा है. और ऊपर से ताला." त्याने एंटर दाबून दाखवलं. ओळ हलली नाही. "पासवर्ड डाला है. बिना पासवर्ड के मैं भी नहीं बदल सकता. कंपनी भेजो, दस दिन में आएगा."

"मेरी परीक्षा आज है."

पिंटूने तिच्याकडे पाहिलं, मग राखाडी ओळीकडे. या भागात त्याचं दुकान पंधरा वर्षं होतं. त्याने हळूच विचारलं, "दीदी, घर में कोई इंजीनियर है क्या?"

•

त्या घरात जी वस्तू येते ती आधी बाबांच्या टेबलावर जाते. हे गौरीला जन्मापासून ठाऊक होतं. मिक्सर आला की ते तो रिकामा फिरवून कान लावून ऐकायचे. कुकरमध्ये आधी नुसतं पाणी उकळायचे. इस्त्री, गिझर, शिलाई मशीन, सगळ्यांचा एकेक तपासणी अहवाल आहे आणि तो लोखंडी कपाटातल्या निळ्या फायलीत लावलेला आहे. तपासून झालं की सेटिंग ठरवायचं, आणि ठरवलं की त्या स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. कारखान्यात तशीच पद्धत होती. ठिपका तुटलेला दिसला की समजायचं कुणीतरी हात लावला. तिथे त्याने अपघात टळले असतील. इथे त्याने चौतीस वर्षं पंखा तीनच्या पुढे गेला नाही. भोपाळच्या मे महिन्यात.

गौरी घरी पोचली तेव्हा बारा वाजायला वीस मिनिटं होती. बाबा व्हरांड्यात वर्तमानपत्राची घडी मांडीवर ठेवून शब्दकोडं सोडवत होते. तिने लॅपटॉप त्यांच्यासमोरच्या वेताच्या मोढ्यावर ठेवला.

"बाबा, ह्याला पासवर्ड तुम्ही घातलाय?"

"घातलाय."

"आणि दोन जीबी तुम्ही राखून ठेवलीत?"

"ग्राफिक्सला. विचारपूर्वक." त्यांनी चष्मा काढला. "अहवाल आहे. दाखवू?"

ती नको म्हणायच्या आत ते कपाटाकडे गेलेसुद्धा. फाइल आणली, पान बरोबर काढलं.

*वस्तू: लॅपटॉप, नग एक. बाह्य दोष: नाही. सर्व कळा दाबून पाहिल्या, ठीक. बिजागरी: पन्नास वेळा उघडमीट, ठीक. ग्राफिक्सची मेमरी: कंपनीने 'ऑटो' ठेवलेली आढळली. ऑटो हे सेटिंग नव्हे. उपयोग ड्रॉइंगसाठी असल्याने कमाल केली, दोन जीबी. ठिपका लावण्यास जागा नाही, सबब पासवर्ड लावला. निकाल: स्वीकृत. तपासणाऱ्याची सही: अ. देवपुजारी. वापरणाऱ्याची सही:*

तिथे पट्टीने मारलेली आडवी रेघ होती.

"ड्रॉइंग म्हणजे चित्राचं काम," बाबा म्हणाले. "चित्राला कमी पडू नये. मी मॅन्युअल पूर्ण वाचलं होतं."

"ड्रॉइंगचा प्रोग्राम चालायला जी मेमरी लागते तीच तुम्ही कापलीत."

"कापली कुठे? दोन जीबी गेले कुठे? घरातच आहेत ना."

रागाचं असं होतं कधी कधी, इतका येतो की दारात अडकतो. घरातच आहेत. म्हणजे कपाटात असतात तसे. चावी कुणाच्या कमरेला आहे हे विचारायचं नाही, वस्तू घरात आहे यात समाधान मानायचं.

"पासवर्ड सांगा. साडेबाराला दार बंद होतं."

"बदल करायचा तर डेव्हिएशन नोट लागेल."

"काय?"

"मंजूर सेटिंग बदलायचं म्हणजे कारण लेखी हवं. दोन ओळी. मी लगेच सही करतो. असं तोंडी बदलत गेलं तर उद्या काय बदललं ते कुणाला कळणार?"

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. हातात अर्धी सोललेली काकडी. "लिहून दे, बाई," ती म्हणाली. "वाद घालशील तर संध्याकाळ होईल. शिट्टीचा नट बदलायला मी लिहून दिलं होतं. कारण काय लिहिलं होतं, विचार त्यांना."

"'वरण कच्चं राहते'," बाबा म्हणाले. त्यांना आठवत होतं. "योग्य कारण होतं. मंजूर केलं."

"अकरा दिवसांनी," आई म्हणाली.

गौरीने त्यांच्या हातातलं शब्दकोड्याचं पेन घेतलं. कागद मांडीवरच्या फायलीतलाच ओढला. बारा वाजून दोन मिनिटं.

•

*डेव्हिएशन नोट*

*मूळ सेटिंग: ग्राफिक्सला दोन जीबी.*

*मागितलेला बदल: पाचशे बारा एमबी.*

*कारण: ज्या कामासाठी राखून ठेवलं ते काम करणाऱ्या माणसाला विचारलं नाही. मोठं ड्रॉइंग उघडलं की हे मशीन अडकतं. चार वर्षं अडकतं. पाइपाचा आधार इकडून तिकडे सरकवायचा तर मी पडद्याकडे बघत बसते आणि तिकडून वर्कशॉपचा फोन येतो, मॅडम, हाथ स्लो है. मी रोज एक तास लवकर उठून काम संपवलं. हात संथ पडतो म्हणून मी मनगटाच्या डॉक्टरला दाखवून आले. त्याने सांगितलं मनगटाला काही झालेलं नाही. मी डॉक्टर बदलला. माझ्या नावाने घेतलेल्या वस्तूतला पाव हिस्सा माझ्याच घरात, माझ्याच भल्यासाठी, कुलपात होता. आज त्या पाव हिश्श्यापायी माझं नाव यादीत जायचं राहील. पुढच्या वर्षी वय बसत नाही.*

*मागणी करणाऱ्याची सही: गौरी अ. देवपुजारी*

•

बाबांनी चष्मा लावून वाचलं. सावकाश वाचलं, जसं ते सगळं वाचतात. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं, मग पुढे गेलं. घड्याळात बारा वाजून नऊ मिनिटं झाली होती.

"चार वर्षं अडकत होतं," ते म्हणाले, "तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही तपासून स्वीकृत केलं होतं."

"म्हणून?"

"म्हणून काय म्हणून? ह्या घरात तुम्ही स्वीकृत केलेली वस्तू बिघडलेली नसते. मग बिघडलेली कोण राहिली?"

आईने काकडी सोलायची थांबवली. बाबांनी पेनसाठी हात पुढे केला, गौरीने पेन दिलं. त्यांनी सही केली. सहीखाली आणखी काहीतरी बारीक अक्षरात लिहिलं, ते वाचायला तिला वेळ नव्हता.

तिने मशीन बंद करून चालू केलं, पिंटूने दाबलेलं बटण दाबून धरलं. निळा पडदा. पासवर्डची चौकट. बाबा पुढे वाकले आणि एका हाताने कळा दाबताना त्यांनी दुसरा हात आडवा धरला, एटीएमवर धरतात तसा.

"हात बाजूला घ्या," गौरी म्हणाली.

"सवय आहे."

"हात बाजूला घ्या, बाबा."

त्यांनी हात घेतला. तिने बघितलं. कारखान्यातला त्यांचा टोकन नंबर होता आणि पुढे 'ओके'. एवढंच. चार वर्षं ती ज्याला अडली ते ह्या सहा-सात अक्षरांच्या पलीकडे होतं.

राखाडी ओळ काळी झाली. दोन जीबीचे पाचशे बारा एमबी झाले. मग तिने बाबांना पाणी आणायला सांगितलं. ते उठून आत गेले, आणि त्या अर्ध्या मिनिटात तिने त्याच पडद्यावर आणखी एक काम उरकलं. मशीन पुन्हा चालू झालं. तपासणीचा प्रोग्राम. कॅमेरा, हिरवी खूण. माइक, इंटरनेट, हिरवी खूण. मेमरी: आढळली ७.४२. हिरवी खूण.

बाबा पाण्याचा तांब्या घेऊन आले तेव्हा बारा पंचवीस झाले होते आणि खोलीचं दार आतून बंद होतं. कॅमेऱ्यासमोर दुसरं कुणी दिसलं तर उमेदवार बाद होतो. ते तांब्या घेऊन दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. आई नंतर म्हणाली, दोन तास तसेच बसून होते, तांब्या हातात. गौरीने ते ऐकून घेतलं. राग त्याने कमी झाला नाही. दाराबाहेर बसणं सोपं असतं.

•

निकाल अकराव्या दिवशी लागला. गौरी यादीत होती. क्रमांक पाचशे सत्त्याहत्तर. तिने वर्कशॉपला फोन करून सांगितलं की आजपासूनच्या ड्रॉइंगवर अक्षयचं नाव राहणार नाही. मालक म्हणाला, अक्षय को बुरा लगेगा. गौरी म्हणाली, लगने दो.

आईने शिरा केला. बाबांनी निकालाची प्रत काढून आणली, तिला भोकं पाडली आणि निळ्या फायलीत डेव्हिएशन नोटेच्या मागे लावली. मग फाइल घेऊन गौरीच्या टेबलापाशी आले. ती काम करत होती. तिच्या पडद्यावर एका बॉयलरचे तीनशे पाइप एकाच वेळी फिरत होते, कुठेही न अडकता.

"अभिनंदन," ते म्हणाले. मनापासून म्हणाले. "छान झालं. आता ते मूळ सेटिंग परत आणूया."

"कुठलं?"

"दोन जीबी. तुझी नोट संपली." त्यांनी पान उघडून तिच्यापुढे धरलं. सहीखाली, त्या दिवशी तिने न वाचलेल्या ओळीत, त्यांच्या सुवाच्य अक्षरात होतं: *मंजूर. वैधता निकाल लागेपर्यंत. त्यानंतर मूळ स्थिती.*

म्हणजे ते सगळं वाचून. मनगट वाचून, डॉक्टर वाचून, पाव हिस्सा वाचून, त्याखाली हे लिहिलं होतं. तात्पुरतं. अकरा दिवस ते शांतपणे वाट बघत होते, शेजारी पाठवलेली ताटं परत यायची वाट बघावी तसे.

गौरीने माऊसवरचा हात काढला. ती हळू आवाजात बोलली, कारण मोठ्याने बोलली असती तर आई आली असती, आणि हे तिला आईच्या मदतीशिवाय बोलायचं होतं.

"मूळ स्थिती ऑटो होती, बाबा. तुमच्या अहवालातच लिहिलंय. कंपनीने ऑटो ठेवलं होतं."

"ते सेटिंग नव्हे."

"माझं आहे."

बाबांनी खुर्ची ओढली आणि लॅपटॉपकडे हात केला. "बाजूला हो, मी करतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"करा."

तिने खरोखरच खुर्ची मागे घेतली. त्यांनी मशीन बंद केलं, चालू केलं, बटण धरलं. निळा पडदा आला. त्यांनी टोकन नंबर दाबला, पुढे ओके. पडद्याने नाही म्हटलं. त्यांनी चष्मा नीट केला आणि पुन्हा दाबला, एकेक कळ बघून. पडद्याने पुन्हा नाही म्हटलं.

"तू पासवर्ड बदललास."

"त्याच दिवशी. तुम्ही पाणी आणायला गेला होतात."

"मला न सांगता?"

ते त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले. पण अरविंद देवपुजारी चौतीस वर्षांचे तपासनीस होते आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. फाइल मांडीवर घेतली, तिच्या अगदी शेवटच्या पानावरचा पासवर्डचा रकाना शोधला आणि जुना नंबर एका रेघेने खोडला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "नवा सांग. नोंद तरी करून ठेवतो."

"नोंद नको."

"उद्या तू विसरलीस तर?"

"तर मी विसरेन."

त्यांनी रकान्यावर टेकवलेलं पेन तसंच राहिलं. गौरीने लॅपटॉप आपल्याकडे वळवला, विंडोज येऊ दिलं, बॉयलर पुन्हा उघडला आणि कोपऱ्यातल्या चौकटीपाशी जाऊन 'रेखाटन' या शब्दापुढचं नाव बदललं. मग स्वयंपाकघरातून आईने विचारलं की शिरा थंड होतोय, कुणी येणार आहे का. गौरी म्हणाली, तुम्ही घ्या, माझं काम चाललंय.

परीक्षेत साठ प्रश्न होते. सगळे वाचून उत्तर निवडायचे होते आणि एकातही चित्र नव्हतं.